तीन सेकंदांची जागा

१

जुना चित्रपट लावायचा आणि तो चालू असताना वरून त्याची यथेच्छ टिंगल करायची, असा तो टीव्हीवरचा कार्यक्रम होता. पडद्यावर नायिका रुमालात तोंड खुपसून रडायची आणि वरून दोन पुरुषांचे आवाज तिच्या रडण्याला मार्क द्यायचे. दार आपटल्यावर कापडी भिंत हलली, की भिंतीला धीर द्यायचे. खलनायकाची मिशी घसरली, की मिशीच्या तब्येतीची चौकशी करायचे. अठरा वर्षं लोक हे पोट धरधरून पाहत होते.

त्यातला एक आवाज मास्तरांचा. हे खरोखरच शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, आणि चित्रपटातल्या सगळ्यांना अजूनही पाचवीतल्या पोरांसारखे झापायचे. दुसरा आवाज बारक्याचा. हा नावाचाच बारक्या. दारातून आधी त्याचं पोट यायचं आणि मग मागून तो. या दोघांच्या मागे काचेपलीकडे बसणारी, प्रेक्षकांना ठाऊकही नसलेली बाई म्हणजे बारक्याची थोरली बहीण. तिला सगळे वहीवाली म्हणत.

पडद्यावरचं माणूस बोलत असताना आपण बोलायचं नाही, हा कार्यक्रमाचा पहिला नियम. विनोद बसवायचा तो दोन वाक्यांच्या मधल्या शांततेत. या शांततेला ते 'जागा' म्हणायचे. वहीवाली आधी एकटी बसून अख्खा चित्रपट पाही, घड्याळ दाबून एकेक जागा मोजी आणि वहीत उतरवी. कितवं मिनिट, किती सेकंद, पडद्यावर कोण, काय करतंय. त्या मापाने बारक्या विनोद बेतायचा. "ताई, दोन सेकंदांत माणसाला हसवायचं म्हणजे काडेपेटीत पलंग मांडायचा," असं तो कुरकुरायचा आणि मांडायचाही.

दुसरा नियम मास्तरांचा होता. पडद्यावरच्या माणसाला उत्तर द्यायचं नाही. "त्याच्याबद्दल बोला, त्याच्याशी नको. उत्तर दिलं की आपणही त्यांच्यातलेच झालो. मग टिंगल कुणी करायची?" एवढंच त्यांचं म्हणणं, आणि ते विनोदापुरतंच होतं.

आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा बारक्या नऊ वर्षांचा होता आणि ती एकोणीस. तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत पिटाळलं, तापात उशाशी बसली. लग्नाचं मग राहून गेलं ते राहूनच गेलं. आता तो चाळिशी ओलांडलेला होता, दोघं दोन खोल्यांत राहत होती, रोज कशावरून तरी भांडत होती. त्याच्याशिवाय तिला दुसरं कोणी नव्हतं आणि हवंसंही वाटलं नव्हतं.

२

त्या आठवड्याचा चित्रपट चौऱ्याण्णव मिनिटांचा होता, काळापांढरा, कुणा बुडालेल्या कंपनीचा. गोष्ट काय ते शेवटपर्यंत कळत नव्हतं. माणसं खोल्यांतून बाहेर येत, उसासे टाकत आणि आत निघून जात. भिंती तर इतक्या हलत होत्या, की वहीवालीने पहिल्या पानावर लिहून ठेवलं, 'भिंतींना स्वतंत्र विनोद लागतील.'

एक्केचाळिसाव्या मिनिटाला जेवणाचं दृश्य होतं. लांबलचक टेबल, त्याभोवती कुटुंब. मिशाळ बाप, एक आत्या, दोन थोराड मुलगे, एक लहान मुलगी. आई हातात पळी घेऊन उभी. ती सगळ्यांवरून नजर फिरवते आणि विचारते, "आणखी कोणी यायचंय का?" कोणी बोलत नाही. मग बाप म्हणतो, "नाही. वाढ."

मधली शांतता तीन सेकंदांची. तिने सवयीप्रमाणे दोनदा मोजली आणि लिहिली. पुढे बाग होती, बागेत नायिका होती, आणि ती रडतच होती.

३

रेकॉर्डिंग दुपारी तीनला सुरू झालं. खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकलेल्या, समोर पडदा, दोन खुर्च्या, दोन माइक. काचेअलीकडे आवाजवाला आणि त्याच्या शेजारी वही उघडून वहीवाली. चित्रपट एकदा सुरू केला की मध्ये थांबवायचा नाही, अशीच त्यांची रीत होती. थांबवलं की हसू शिळं होतं, असं मास्तर म्हणायचे.

चाळीस मिनिटं झकास गेली. बारक्या फॉर्मात होता. जेवणाचं दृश्य आलं. पळीवाल्या आईने विचारलं, "आणखी कोणी यायचंय का?"

"दिग्दर्शक," बारक्या म्हणाला, "सकाळपासून बेपत्ता आहे."

बरोबर तीन सेकंद. वहीवालीने वहीवर खूण करायला पेन टेकवलं आणि बापाच्या वाक्याची वाट पाहिली. बाप बोलला नाही. टेबलाभोवतीचे सगळे तसेच बसून राहिले. हेडफोनमध्ये नुसती पोकळी. असल्या पोकळीची बारक्याला चीड होती, पोकळीत विनोद मरतो असं त्याचं मत होतं. जिभेच्या सवयीने तो पटकन बोलून गेला, "थांबा हो, मी आलोच. हात धुतो."

मास्तर इतके हसले की त्यांना माइकपासून तोंड फिरवावं लागलं. आवाजवाल्यालाही हसू आवरेना.

"वाढ," पडद्यावरचा बाप म्हणाला.

वहीवालीने वहीकडे पाहिलं. तिथे तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'नाही. वाढ.'

४

मंडळी गेल्यावर ती मागे थांबली. "तेवढा तुकडा परत दाखवता?" ती आवाजवाल्याला म्हणाली.

दाखवला. मोजला. पाच सेकंद. पुन्हा मोजला. पाच.

"ही प्रत बदलली का?"

"कशाला बदलेन? तुम्ही पाहिली तीच आहे."

तिने चित्रपटाची लांबी पाहिली. चौऱ्याण्णव मिनिटं, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. पुढची बाग जिथे सुरू व्हायला हवी तिथेच सुरू होत होती. आपलंच चुकलं, तिने स्वतःला समजावलं. वय झालं, डोळे थकले, घड्याळाचा खटका सैल झालाय. अठरा वर्षांत एकदा माणूस चुकणारच. हे सगळं पटण्यासारखं होतं, तरी तिने घड्याळ तिसऱ्यांदा दाबून पाहिलं.

आवाजवाला मात्र तेवढ्यात पट्ट्या तपासू लागला होता. तीन आवाज तीन वेगळ्या पट्ट्यांवर साठवले जात. एक बारक्याची, एक मास्तरांची, एक चित्रपटाची. बारक्याच्या पट्टीवर दिग्दर्शकाचा विनोद होता, आणि त्यापुढे काहीच नव्हतं.

"मग हसलो कशाला आपण?" तो म्हणाला. त्याने एकेक पट्टी बंद करून पाहिली. शेवटी नुसता चित्रपट राहिला आणि त्यात बारक्याचा आवाज आला, थांबा हो, मी आलोच.

"तुमच्या चित्रपटात शिरला असेल काहीतरी गडबडीने," ती म्हणाली.

"शिरत नाही हो बाई. ती पट्टी वाजते फक्त, घेत काही नाही." त्याने हेडफोन तिच्या कानांना लावला. "आणि हे ऐका. प्रत्येक खोलीचा आपला आवाज असतो. आपल्या खोलीत गाद्या आहेत, इथे शब्द पडला की पडला. हा घुमतोय. त्या मोठ्या खोलीत बोलल्यासारखा."

तिने ऐकलं. आवाज थोडा लांबून येत होता, टेबलाच्या पलीकडच्या एखाद्या दारातून यावा तसा.

"काढून टाका तेवढं," ती म्हणाली.

त्याने काढलं. परत लावलं. आईने विचारलं, शांतता झाली आणि दारापलीकडून बारक्या म्हणाला, थांबा हो, मी आलोच. आवाजवाल्याने यंत्र बंद केलं आणि घरी जायला पिशवी भरू लागला. ती भरताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

५

घरी बारक्याचं बोलणं उशिरा येऊ लागलं. काही विचारलं की आधी तो नुसता बघे आणि मग उत्तर देई. आवाज बसलेला नव्हता, घसा ठीक होता, डॉक्टरने आ करायला लावून तसं सांगितलंही. मोजायचं नाही असं वहीवालीने ठरवलं होतं, पण तिची बोटं ओट्यावर आपोआप मोजत. दोन सेकंद. मग दोन आणि वर थोडं. बुधवारपर्यंत तीन.

जेवायला हाक मारली की तो "आलोच" म्हणे आणि येत नसे. घरातल्याच बोळात बेसिन होतं, तिथे नळ चालू असे. पहिल्या दिवशी ती चिडली. दुसऱ्या दिवशी उठून गेली. तो नळाखाली दोन्ही हात धरून उभा होता. हात कधीच धुऊन झाले होते, बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या. भिंतीवरच्या फरशांकडे बघत तो कान देऊन ऐकत होता.

"काय रे? अन्न गार होतंय."

"कोणी हाक मारली ना?"

"मीच मारली."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तीन सेकंद गेले.

"तू नाही गं," तो म्हणाला.

तिने नळ बंद केला, त्याचे हात लहानपणी पुसायची तसे पदराने पुसले, आणि ती पुसत असतानाच तिला रडू कोसळलं. "अगं, झालं काय तुला?" तो हसत म्हणाला. हसणं बाकी त्याचंच होतं.

दुसऱ्या दिवशी ती मास्तरांकडे गेली. सगळं सांगितलं. मास्तरांनी चष्मा पुसला, परत पुसला.

"तुमचा नियम होता ना, उत्तर द्यायचं नाही?"

"बाई, तो नियम विनोद फसू नये म्हणून होता. मी काय मांत्रिक आहे?" मग चष्मा चढवून ते म्हणाले, "मोजताना तुझंच चुकलं असेल."

"चुकलं असेल तर बरंच आहे," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपण चुकलो असावं अशी मनापासून आशा वाटत होती. जागा मुळात पाच सेकंदांची असेल, तर बारक्याला तोंडघशी पाडल्याचा दोष तिचा होता आणि तो ती आनंदाने डोक्यावर घेणार होती. पण तीन असेल, तर ते दोन सेकंद कोणीतरी त्याच्यासाठी मुद्दाम मोकळे सोडले होते.

६

पुन्हा रेकॉर्ड करायचं ठरलं, फक्त तेवढंच दृश्य. तिने आधी जागा मोजली. आता ती नऊ सेकंदांची झाली होती. तिने ते कोणालाच सांगितलं नाही.

"हे बघ," तिने बारक्याला बजावलं. "दिग्दर्शकाचं बोल, आणि लगेच म्हण, मी येत नाही, तुम्ही जेवून घ्या. एवढं म्हणायचं. विसरशील?"

"ताई, विनोद नाही होत त्याने."

"नको होऊ दे."

मास्तर त्याच्या शेजारी त्याचा दंड धरून बसले. चित्रपट लागला. आई म्हणाली, "आणखी कोणी यायचंय का?" बारक्याने तोंड उघडलं. काचेपलीकडून वहीवालीला त्याचे ओठ स्पष्ट दिसत होते, मी येत नाही, तुम्ही जेवून घ्या. मान हलवून, हातवारे करून तो ते म्हणत होता. हेडफोनमध्ये काही आलं नाही. तिने हेडफोन काढून फेकला, दार उघडलं. खोलीतही काही नव्हतं. मास्तर त्याच्या तोंडाला कान लावून बसले होते, आणि त्यांनाही काही ऐकू येत नव्हतं.

एक आवाज तेवढा चालू होता, आणि तो पडद्यातून येत होता. कुठेतरी आत, त्या खोलीच्या मागच्या बाजूला, नळ वाहत होता. पळी घेतलेली आई डावीकडे त्या दिशेला बघत होती, आणि आपल्याकडचं माणूस न्हाणीघरातून यायला उशीर करतंय म्हणून कुठलीही बाई वैतागावी, तितकीच ती वैतागली होती.

"बोललो की मी," बारक्या बाहेर येऊन म्हणाला. "नीट आलं ना?"

"आलं," वहीवाली म्हणाली.

७

त्यानंतर तिने त्याला एकट्याला बेसिनपाशी जाऊ दिलं नाही. तो हात धुवायचा तेव्हा ती मागे त्याचा शर्ट मुठीत धरून उभी राही. त्याला हसू येई. "मी काय आता पळून जाणार आहे? या देहाने?"

तिसऱ्या दिवशी दुपारी ती अशीच उभी होती. स्वयंपाकघरात दूध वर आलं. फसफस आवाज झाला, जळका वास सुटला. तिने शर्ट सोडला, तीन पावलं टाकून गॅस बंद केला आणि वळली. चार सेकंद. तिची बोटं मोजत होती, म्हणून तिला ते पक्कं ठाऊक आहे.

नळ चालू होता. साबणावर फेस होता. बोळात कोणी नव्हतं.

पुढच्या दाराला आतून कडी होती, तिनेच घातलेली. खिडक्यांना गज होते. तरी तिने पलंगाखाली पाहिलं, कपाटं उघडली, एवढा मोठा माणूस मावणार नाही अशा जागीही वाकून पाहिलं. मग जिन्यावर, रस्त्यावर, कोपऱ्यावरच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, आज आलेच नाहीत इकडे. ती तशीच अनवाणी स्टुडिओपर्यंत चालत गेली.

८

आवाजवाल्याने तिच्या पायांकडे पाहिलं आणि काही न विचारता चित्रपट लावून दिला. "तुम्ही बाहेर बसा," ती म्हणाली. तो लगेच उठला. त्याला तेवढंच हवं होतं.

एक्केचाळिसावं मिनिट. लांब टेबल. बाप, आत्या, दोघे मुलगे, मुलगी. आणि अलीकडच्या बाजूला, कॅमेऱ्याकडे पाठ करून, आणखी एक जण. रुंद पाठ, खुर्चीत न मावणारी. कोपरापर्यंत ओल्या बाह्या. तिला चेहरा पाहायची गरज नव्हती. मघाशी तिने मुठीत धरलेल्या जागी शर्ट अजून चुरगळलेला होता.

ताटं सगळ्यांची रिकामी होती. आईने त्याच्यापुढेही एक सरकवलं. मग तिने मान वर केली, समोर पाहिलं, आणि विचारलं, "आणखी कोणी यायचंय का?"

वहीवालीने घड्याळ दाबलं. तीन सेकंद झाले. नऊ झाले. वीस झाले. कोणी हललं नाही, त्या भिंतीसुद्धा हलल्या नाहीत. बाप, आत्या, मुलगे, ती लहान मुलगी, सगळे चित्रातून बाहेर बघत होते. घाई कोणालाच नव्हती. फक्त त्या पाठीने वळून पाहिलं नाही.

ही जागा आपली आहे, हे तिला कळलं. भीती तर वाटतच होती. पण खरं सांगायचं तर तिला विचार करावा लागला नाही. तिथे तिचा भाऊ बसला होता, परक्या माणसांत, रिकाम्या ताटासमोर, आणि त्याला एकटं ठेवायचं तिला माहीतच नव्हतं. तिने श्वास घेतला आणि ओठ उघडले.

"ताई, बोलू नकोस."

आवाज त्याचाच. घुमणारा, लांबचा, आणि घाईचा. तो वळला नाही. वळता येत होतं की नाही, कोण जाणे. तिने ओठ मिटले.

टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी एकदम त्याच्याकडे पाहिलं. आईने पळी खाली ठेवली. बाप खुर्ची मागे सारून उठायला लागला, आणि दृश्य संपलं. बाग आली. बागेत नायिका रडत होती.

तिने चित्रपट मागे नेला. एक्केचाळिसाव्या मिनिटाला आता कोणी उसासा टाकत जिना उतरत होतं. जेवणाचं दृश्य तिथे नव्हतं, मागेही नव्हतं, पुढेही नव्हतं. तिने अख्खा चित्रपट पाहिला, आणि परत पाहिला. चौऱ्याण्णव मिनिटं भरत होती.

पुढे पोलीस आले. त्यांनी भांडण झालं होतं का, असं विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली. मास्तर येऊन बसतात, शेजारणी येतात, खांद्याला धरून हलवतात, "बाई, दोन शब्द तरी बोला," म्हणतात. भावाच्या दुःखाने तिची वाचा गेली असं सगळ्यांचं मत आहे, आणि डॉक्टरने आ करायला लावून घसा ठीक असल्याचं सांगितलं आहे.

वाचा तिची शाबूत आहे. पण कोणी काही विचारतं, मग थांबतं, वाट बघतं, आणि त्या थांबण्यातली कुठली जागा माणसांची आणि कुठली त्या टेबलाभोवतीच्यांची, हे तिला आता मोजून कळत नाही. आपण बोलू नये म्हणून तो तिथे काय सोसतो आहे, हेही तिला ठाऊक नाही. लहानपणापासून त्याने तिच्याकडे नाना हट्ट केले आणि तिने ते पुरवले. हा शेवटचा आहे, आणि तो ती पुरवते आहे.